शेजारच्या राज्याचं मीठ

कल्पनेतलं जग रचायला बसलं की बहुतेकांचा हात आधी नकाशाकडे जातो. डोंगर काढले, नदी काढली, मग रंग भरले: इथे निळं राज्य, तिथे तांबडं. निळ्याचा राजा न्यायी, तांबड्याचा क्रूर, आणि दोघांत पाचशे वर्षांचं वैर. एवढ्या भांडवलावर कथा सुरू होते आणि तिसऱ्या प्रकरणात लढाई जुंपते. वाचणाऱ्याला मात्र एक साधा प्रश्न खुपत राहतो. पाचशे वर्षांचं वैर आहे, तर दोन्ही राज्यं अजून शिल्लक कशी?

युद्ध का पेटलं याचं कारण रचणं सोपं असतं. भर दरबारातला अपमान पुरतो, पळवलेली राजकन्या पुरते. ते आजवर का पेटलं नाही, किंवा पेटल्यावर का विझलं, हे सांगताना खरा कस लागतो. शेजारी राष्ट्रांचं राजकारण रचताना मी हाच प्रश्न पहिला धरतो. त्याचं उत्तर राजांच्या स्वभावात क्वचितच सापडतं. ते गवतात, मिठात, बर्फात आणि एका दिवसात किती वाट तुडवता येते यात सापडतं.

एक उदाहरण मुळापासून रचून पाहू. वर डोंगरात शिरवण नावाचं राज्य आहे. तिथून निघणारी नदी मधल्या सपाटीवर मेदन राज्यातून वाहते आणि शेवटी लवणक या बंदराच्या राज्यात समुद्राला मिळते. आता यात अद्भुत घालू: शिरवणच्या कड्यांवर महागरुड जन्मतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन लढता येतं. बहुतेक लेखक इथे थांबतात. ज्याच्याकडे गरुड तो बलाढ्य, विषय संपला. पण गरुड खातो काय?

गरुड साठ धरू आणि एकाला दिवसाला बारा किलो मांस लागतं असं मानू. म्हणजे प्रत्येकी रोज साधारण एक मेंढी. वर्षाची बेरीज २१,९०० मेंढ्या. कळप न आटवता शंभर मेंढ्यांमागे वर्षाला चाळीसेक जनावरं काढता येतात असं धरलं, तर शिरवणला जवळपास ५५,००० मेंढ्यांचा कळप कायम राखावा लागेल. उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत त्यांना पुरेल. हिवाळ्यात तिथे बर्फ. मग चार महिने हे ५५,००० तोंडांचं लटांबर खिंड उतरून मेदनच्या नदीकाठच्या कुरणांत आलंच पाहिजे. त्याशिवाय जनावराला मीठ लागतं. रोज दहा ग्रॅम धरलं तरी दिवसाला साडेपाचशे किलो, वर्षाला दोनशे टन. ते मीठ लवणकच्या आगरांतून येतं आणि येताना मेदनच्या नाक्यांवर जकात भरतं.

आता पाहा काय झालं. ज्या शस्त्राच्या जोरावर शिरवण मेदनला चिरडू शकतो, ते शस्त्र मेदनच्या गवतावर आणि लवणकच्या मिठावर जगतं. युद्ध का झालं नाही, याचं उत्तर आकड्यांतून आपोआप वर आलं. दोन्ही राजे थोर मनाचे असण्याची गरजच उरली नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. हिवाळ्यात शिरवणचा सगळा कळप परमुलखात असतो. म्हणजे तो ओलीसच. त्या चार महिन्यांत मेदनच्या दरबारात शिरवणचा वकील मान खाली घालून बसेल. जकात वाढवायची, जुनं येणं काढायचं, पळून आलेल्या गुन्हेगाराला परत द्यायला नकार द्यायचा, हे सगळं मेदन हिवाळ्यातच करेल. वसंतात शेवटची मेंढी खिंड चढून गेली की पारडं फिरेल. गरुड तेच, सैन्य तेच, पण आता शिरवणचा आवाज चढेल, कारण मेदनचं उभं पीक उघड्यावर आहे आणि आपला कळप घरी सुखरूप आहे. दोन राष्ट्रांचं सगळं राजकारण असं ऋतूंवर झुलू लागतं. कुठल्या महिन्यात कोणाचा खलिता येईल आणि त्याचा सूर कसा असेल, हे लेखकाला आधीच कळायला लागतं.

हे फार कल्पित वाटत असेल तर पिरेनीज पर्वताकडे पाहा. फ्रान्सकडचं बारेतूस खोरं आणि स्पेनकडचं रोंकाल खोरं कुरणं आणि पाणवठ्यांवरून भांडत होते. १३७५ मध्ये लवादानं निवाडा केला. तेव्हापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे दरवर्षी १३ जुलैला बारेतूसचे लोक सीमेवरच्या दगडापाशी येतात आणि रोंकालच्या लोकांना दोन वर्षांच्या तीन गाई देतात. वरती राजवटी बदलल्या, फ्रान्स आणि स्पेन एकमेकांशी लढले, तरी गाई जात राहिल्या. दोन राष्ट्रांमधला करार राजधानीत होतो हे खरं, पण त्याच्याखाली असे शेकडो करार खोऱ्याखोऱ्यांत आधीच झालेले असतात. कल्पित जगात तेच बहुधा गायब असतात.

अंतराचा हिशेब हा पुढचा भाग, आणि इथे चुका हमखास होतात. स्वार धरून दहा हजार माणसं आणि दोन हजार घोडे घ्या. माणसाला दिवसाला एक किलो धान्य, घोड्याला चरायला गवत मिळतंय असं धरून वर चार किलो दाणा. दिवसाचे अठरा टन झाले. दोन बैलांची गाडी कच्च्या वाटेवर सहाशे किलो ओढते असं मानलं तर एका दिवसाच्या रसदीला तीस गाड्या. फौज आणि गाड्या मिळून दिवसाला पंधरा किलोमीटर सरकतात. तीनशे किलोमीटरवरची राजधानी गाठायला वीस दिवस, म्हणजे सहाशे गाड्या आणि बाराशे बैल. वाटेत पाऊस आला, चाकं रुतली, बैलांना चारा मिळाला नाही, की हिशेब कोसळतो. परतीचं धान्य यात धरलेलंच नाही. म्हणून फौजा कापणीच्या सुमारास निघतात आणि शत्रूच्या शेतावर जगतात, किंवा नदीवाटे जातात. तीस टनांचा एक पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, पन्नास गाड्यांचं काम करतो. आपल्या उदाहरणात याचा अर्थ असा की शिरवण प्रवाहासोबत खाली झपाट्यानं उतरू शकतो, पण मेदनला वर चढून जाणं जड आहे. मात्र उतरलेल्या शिरवणलाही परत वरच चढायचं असतं. शिरवण लुटू शकतो, पण जिंकलेलं ठेवू शकत नाही. म्हणून त्याची मागणी प्रदेशाची नसेल, खंडणीची असेल.

निरोपाचा वेगही असाच ठरवून घ्यावा लागतो. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यातला गेंटचा तह २४ डिसेंबर १८१४ ला झाला. ती बातमी समुद्र ओलांडण्याआधीच ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सला मोठी लढाई झाली आणि शेकडो माणसं मेली. निरोप हळू असेल तर सीमेवरचा किल्लेदार आणि परदरबारातला वकील हे स्वतःच छोटे राजे असतात. निर्णय त्यांना तिथल्या तिथे घ्यावा लागतो आणि त्याची जबाबदारी राजधानीच्या गळ्यात पडते. आता या जगात जादूचा आरसा आणला, ज्यातून क्षणात बोलता येतं, तर वकिलाची ही सत्ता संपली. तो नुसता निरोप्या झाला. मग आरसे किती आहेत, कोणाकडे आहेत, फुटला तर नवा बनवायला किती वर्षं लागतात, आणि पलीकडून बोलणारा खरा कशावरून, हे प्रश्न सैन्याच्या संख्येइतकेच महत्त्वाचे होतात. आणि जादूचं दार असेल, ज्यातून पाऊल टाकताच शंभर कोसांवर निघता येतं, तर शेजार या शब्दाचाच अर्थ बदलतो. ज्याचं दार आपल्या दारासमोर उघडतं तो शेजारी, मग नकाशावर तो कुठेही असो. अद्भुत गोष्ट आणायला हरकत नाही. पण ती आणली की नकाशा पुन्हा काढावा लागतो, आणि हे कष्ट टाळलेले वाचकाला लगेच कळतात.

मैत्री आणि वैर यांचा आराखडा हवा असेल तर कौटिल्याचं राजमंडल अजूनही उत्तम साधन आहे. मधोमध विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा राजा. त्याला लागून असलेला तो अरि. अरीच्या पलीकडचा तो मित्र, मग अरिमित्र, मित्रमित्र आणि अरिमित्रमित्र. पाठीमागे पार्ष्णिग्राह, म्हणजे आपण पुढे निघालो की टाच धरणारा. त्याच्या मागे आक्रंद, ज्याला हाक मारायची तो. मग या दोघांचे आसार, म्हणजे पाठीराखे. शिवाय मध्यम आणि उदासीन. असे बारा राजे. प्रत्येक राजा स्वतः आणि त्याचे अमात्य, जनपद म्हणजे मुलूख, दुर्ग, कोश आणि दंड म्हणजे सैन्य, असे सहा धरले की बाहत्तर घटक होतात. लोक यातलं ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ एवढंच उचलतात. खरी गंमत पुढे आहे: हे मंडल प्रत्येक राजाचं वेगळं असतं. म्हणून ते एकदा काढून भागत नाही, प्रत्येक राज्य मधोमध ठेवून पुन्हा काढावं लागतं. शिरवणच्या मंडलात लवणक मित्र ठरतो, कारण मध्ये मेदन आहे. मेदनच्या मंडलात लवणक अरि आहे आणि शिरवण पाठीवरचा पार्ष्णिग्राह. लवणकच्या राजाला मात्र समुद्रापलीकडचा कोणी तरी या दोघांपेक्षा जवळचा वाटत असेल. हे तीन नकाशे जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथेच गैरसमज होतात, आणि राजकारणातले बरेच घोटाळे गैरसमजाचेच असतात.

मंडल फिरतंही. विजयनगरच्या रामरायाशी हात मिळवून विजापूरचा अली आदिलशहा अहमदनगरच्या निजामशहाशी लढला होता. काही वर्षांतच रामराया सगळ्यांना भारी वाटू लागला. मग अहमदनगरची चांदबिबी विजापूरला दिली गेली, ज्या सोलापूरवरून दोन्ही घराणी भांडत होती ते आंदण म्हणून गेलं, आणि १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाला. पुढे काय? समान भीती संपली आणि सुलतान पुन्हा एकमेकांशी भांडू लागले. युतीला धरून ठेवणारी गोष्ट कोणती आणि ती कधी नाहीशी होईल, हे युती रचतानाच लिहून ठेवावं.

तह लिहिताना मात्र घाई करू नये. कल्पित कथांतले तह एका ओळीत होतात: ‘दोन्ही राज्यांत शांतता झाली.’ खऱ्या तहात कलमं असतात, आणि कलमांत भांडणाची बीजं असतात. इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हित्ती राजा तिसरा हत्तुसिली यांचा तह इसवी सनापूर्वी १२५९ च्या सुमाराचा. एकमेकांवर चाल करायची नाही, तिसऱ्यानं हल्ला केला तर मदत करायची, पळून आलेल्यांना परत द्यायचं आणि परत दिलेल्यांना शिक्षा करायची नाही, इतकं बारीक त्यात आहे. शेवटची अट फार शहाणपणाची आहे. तिच्याशिवाय कोणी माणूस परत देणार नाही. साक्षीला दोन्हीकडचे देव आहेत. देव खरोखर प्रकट होणाऱ्या जगात ही साक्ष नुसती शोभेची राहणार नाही. शपथ मोडली तर नेमकं काय होतं, किती दिवसांत होतं, आणि पळवाट कशी काढता येते, यावर मुत्सद्द्यांच्या पिढ्या खपलेल्या असतील.

तह बिघडतात ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं भाषांतर. १८८९ चा वुचाले तह इटली आणि इथिओपिया यांच्यात दोन भाषांत झाला. सतराव्या कलमाच्या अम्हारिक पाठात इथिओपियाचा सम्राट परराष्ट्रव्यवहारासाठी इटलीची मदत घेऊ शकतो असं होतं. इटालियन पाठात ती घेणं बंधनकारक होतं. एका क्रियापदापायी सात वर्षांत अडवाची लढाई झाली आणि इटलीचा पराभव झाला. दुसरं ठिकाण म्हणजे जिथे कोणी पाऊल टाकणार नाही असं धरून कलम सैल सोडलेलं असतं. १९४९ च्या कराची करारात काश्मीरमधली युद्धविराम रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखली आणि पुढे ‘तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ एवढंच लिहिलं. १९८४ पासून सियाचिनवर त्या मोकळ्या शब्दांची किंमत मोजली जाते आहे. तुमच्या जगातल्या तहात अशी एक सैल जागा मुद्दाम सोडा, आणि ती सैल का राहिली याचं त्या वेळचं रास्त कारणही द्या.

जकातीबद्दल थोडं. मेदनच्या नाक्यावर लवणकचं मीठ येतं. त्याची किंमत किती धरायची? व्यापारी कमी सांगणार, नाकेदार जास्त. बाल्टिक समुद्राच्या तोंडाशी डेन्मार्कनं १४२९ पासून १८५७ पर्यंत जहाजांकडून जकात घेतली. पुढे मालाच्या किमतीवर आकारणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी नामी तोड काढली: किंमत कप्तानानंच सांगायची, पण त्या किमतीला सगळा माल विकत घेण्याचा हक्क राजाला. कमी सांगितली तर माल गेला, जास्त सांगितली तर जकात वाढली. अशी एक युक्ती कथेतल्या राज्याला दिली की ते राज्य चालवणारी डोकी जिवंत होतात.

सीमा म्हणजे रेघ, हा समज मात्र सोडायलाच हवा. जुन्या जगात हुकमतीचे थर असत. दख्खनमध्ये एकाच गावानं एका सत्तेला सारा द्यावा आणि दुसरीला चौथाई, ही रोजची बाब होती. १७१९ च्या सनदांनी सहा सुभ्यांवरचा तो हक्क मराठ्यांना मोगल बादशाहीकडूनच मिळाला. आता त्या गावाचा राजा कोण? १६०९ नंतर र्‍युक्यू बेटांचा राजा जपानच्या सात्सुमा घराण्याच्या मुठीत होता, पण चीनच्या सम्राटालाही नजराणे पाठवत राहिला. चिनी दूत आले की जपानी अधिकारी नजरेआड होत. चीनशी व्यापार चालू राहावा म्हणून सात्सुमालाच हे हवं होतं. अशी व्यवस्था १८७९ पर्यंत टिकली. बिदासोआ नदीतलं फेजंट बेट १६५९ च्या तहापासून फ्रान्स आणि स्पेन यांचं सामाईक आहे, आणि आजही त्याचा कारभार दर सहा महिन्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आणि २०१५ पर्यंत कूचबिहारच्या परिसरात भारताचे १११ तुकडे बांगलादेशात होते, बांगलादेशचे ५१ भारतात. दहाला खगराबारी तर बांगलादेशातल्या भारतातल्या बांगलादेशातला भारत होता. अशा तुकड्यांतल्या माणसाला बाजाराला जायचं म्हटलं तरी परदेश ओलांडावा लागे. एवढं विचित्र काही कल्पनेतून सुचवायचं धाडस बहुतेक लेखक करणार नाहीत.

राष्ट्र एकाच तोंडानं बोलत नाही, हेही विसरू नये. मेदनमध्ये कुरणांचा मोबदला घेणारे जमीनदार शिरवणचे मित्र असतील, तर गरुडाच्या सावलीखाली शेती करणारे कुळंबी त्याचा द्वेष करत असतील. शेजारी अशा फटींतच बोट घालतो. पोलंडच्या संसदेत एका सभासदाला सगळं कामकाज उधळता येई. १६५२ पासून हा नकाराधिकार वापरला जाऊ लागला, आणि पुढे रशियानं तो जपण्याची हमीच घेतली. दुबळा शेजारी सोयीचा असतो. १७९१ मध्ये पोलंडनं नवी राज्यघटना करून हा नकाराधिकार मोडला, तेव्हा पुढच्याच वर्षी रशियाची फौज आत आली आणि १७९५ पर्यंत देश वाटून संपला. घर नीट लावायला घेणं हेच शेजाऱ्याला युद्धाचं कारण वाटू शकतं. खलनायकाची गरज इथेही पडली नाही.

इतकं रचून झालं की मग एकच खुंटी हलवायची. दुष्काळ, साथ, नवा राजा आणि बंड हे सगळं एकदम आणू नये. मेदनमध्ये तीस वर्षं शांतता होती, म्हणून माणसं वाढली. माणसं वाढली म्हणून नदीकाठची कुरणं नांगराखाली येऊ लागली, दरवर्षी थोडी थोडी. जुन्या तहात शब्द आहे: ‘शिरवणच्या कळपांस नदीकाठचे गवत.’ मेदन म्हणतो, गवत उगवेल तिथे चारा, आम्ही अडवलेलं नाही. शिरवण म्हणतो, गवत म्हणजे ती जमीन. लवणकला यातलं काही घेणंदेणं नाही, पण त्याच्या मिठाची मागणी घटली की त्याचाही वकील दरबारात दिसू लागेल.

आणि यंदा बर्फ दहा दिवस आधी पडलं आहे. खिंडीतल्या नाक्यावर दिवसाला पाच हजार मेंढ्या मोजून सोडतात, म्हणजे सगळा कळप उतरायला अकरा दिवस. मागून कळप दाटतोय. पुढे, जिथे गेल्या वर्षी गवत होतं तिथे, कोवळा गहू उभा आहे. मेदनच्या राजधानीहून हुकूम यायला सहा दिवस लागतात. नाकेदाराच्या हातात मोजणीचे खडे आहेत, आणि पहिली मेंढी फाटकाशी आली आहे.